मोकळं पारडं

अब्बा, तुम्ही गेलात तेव्हा मी बारावीत होते, त्यामुळं मी पुढं काय काम करते हे तुम्हाला कळलंच नाही. कार्बनचे चेंडूसारखे रेणू असतात. त्यांच्या फटींत पोटॅशियम भरलं की काळी पूड होते, आणि ती खूप गार केली की तिच्यातून वीज कसल्याही अडथळ्याविना वाहते. तेव्हा आत काय चालतं हे बघायला आम्ही तिच्यात म्युऑन सोडतो. हा कण म्हणजे क्षणभर जगणारं इवलंसं लोहचुंबक. आतल्या चुंबकत्वानं तो फिरतो, मरताना दुसरा कण बाहेर फेकतो, आणि अशा असंख्य कणांच्या दिशांवरून आतली हकीकत कळते.

परदेशातल्या ज्या यंत्रावर हे होतं, तिथं आम्हाला मोजकेच दिवस मिळाले होते. पूड गार होताच आत फार क्षीण चुंबकत्व उगवल्यासारखं दिसलं. माझे मार्गदर्शक सर खूश. माझा पहिला शोधनिबंध त्यावरच उभा राहणार होता, पण मला एक शंका आली. पूड चांदीच्या थाळीवर ठेवतात आणि काही म्युऑन त्या थाळीतही अडकतात. मग हे उगवणं पुडीचं की थाळीतल्या एखाद्या भेसळीचं?

मला मुरुम गावातलं आपलं दुकान आठवलं. शाळेत जायच्या आधी आकडे मी तिथंच शिकले, तुमच्या वजनांवरून. गूळ चिकट. एका गिऱ्हाईकाचा चिकटा पारड्याला राहतो आणि दुसऱ्याच्या वजनात जातो. म्हणून तुम्ही दर वेळी ओल्या फडक्यानं पारडं पुसता, समोर धरता, आणि गिऱ्हाईक "मोकळं हाय" म्हणेपर्यंत गूळ घालत नाही.

"चाचा, रिकामं पारडं काय खायाचं हाय का? एस्टी चालली माझी!"

"खाऊ नको, बघ तेवढं."

एकदा अशाच घाईतल्या एका म्हातारीच्या वतीनं मीच ओरडले, "मोकळं हाय!" तुम्ही पारडं खाली ठेवलंत. "तू नको म्हणू, बेटा. तू घरची. घरच्याला आपलं पारडं मोकळंच दिसतंय." मी रुसून गोण्यांमागं बसले. दुपारी तुम्ही माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवलात.

मी सरांना म्हटलं, उरलेल्या वेळात नुसती थाळी मोजू या.

"विमानानं इतक्या लांब येऊन रिकामी थाळी मोजायची?" सर हसले. मग माझ्या तोंडाकडं बघून म्हणाले, "बरं, मोज. नाहीतर तू जेवणार नाहीस."

मोजणी झाल्यावर आलेख मी उघडला नाही, सरांनाही उघडू दिला नाही. आम्ही दोघंही घरचे. शेजारच्या यंत्रावर काम करणाऱ्या एका बाईंना बोलावलं आणि थाळीत काय होतं हे न सांगता वाचायला लावलं. त्या म्हणाल्या, "गार झाल्यावर क्षीण चुंबकत्व दिसतंय." जवळजवळ तेवढंच, जेवढं आम्हाला पुडीत दिसलं होतं.

म्हणजे उगवलं होतं ते थाळीचंच, आणि माझा निबंध गेला. सर उठले आणि माझ्यासाठीही कॉफी घेऊन आले. त्यांनी माझ्या सचोटीचं कौतुक केलं, सगळ्यांसमोर. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

ही चिठ्ठी टाकायला पेटी नाही, दुसरं कुणी ती वाचणार नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या बाई आलेख वाचत होत्या तेव्हा मी डोळे मिटून दुवा मागत होते, की या अल्लाह, पारडं मोकळं निघू दे.