निम्मा कोर्स

औषधवाले साहेब,

तुझं मेडिकल आहे म्हणून मी तुला शहाणा समजत होते. मला लघवीला जळजळ सुरू झाली, तेव्हा तू डॉक्टरकडे जाऊ दिलं नाहीस. म्हणे कुणी ओळखीचं भेटेल! काउंटरमागे उभं राहून एकाच माणसाला पुरेल एवढ्या गोळ्यांची स्ट्रिप कात्रीने मधोमध कापलीस, अर्धी मला दिलीस, अर्धी तू घेतलीस. "आपलं सगळं निम्मं निम्मं," म्हणालास, आणि मी बावळट, चक्क लाजले.

त्रास गेला, परत आला. तोवर तू दुसरीबरोबर संसार थाटला होतास. परवा डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट वाचला, मायकोप्लाझ्मा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणारा जंतू. निम्म्या डोसाने जंतू मेले नाहीत, उलट त्या औषधाला निर्ढावले. गोळ्या कोणी दिल्या, असं त्यांनी विचारलं. मेडिकलवाल्यानेच, म्हटल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला.

माझे नवे उपचार सुरू झालेत. जोडीदारालाही तपासणीला पाठवा, अशी चिठ्ठी त्यांनी दिली. ती मी आज तुझ्या घरी जाऊन तुझ्या बायकोच्या हातात ठेवली. ती बिचारी म्हणाली, "मलाही जळजळतंय. ह्यांनी कालच निम्म्या गोळ्या दिल्या."

हे पत्र मी पाठवणार नाही. तू तेही निम्मंच वाचशील.

अख्खा कोर्स संपवणारी,
तुझी कोणीही नसलेली