सीतारामभाऊंच्या चौथीच्या बाई

जोगेश्वरी (पूर्व), मुंबई
७ डिसेंबर

ती. सौ. नलिनीवहिनीस सुलक्षणाचा वाकून नमस्कार (वाकून म्हणजे कागदावर. कमरेचं तुला माहीतच आहे).

तिकडे कुडाळला सगळे बरे असाल. तुझे गुडघे काय म्हणतात? दादाची साखर? विहिरीवरचा पंप दुरुस्त झाला, की तो मेकॅनिक अजून सासुरवाडीलाच आहे? आम्ही इथे ठीक. श्रुतिका नोकरीसाठी पुण्याला गेल्यापासून घरात मी, हे आणि टीव्ही असे तिघंच, आणि त्यातला टीव्हीच काय तो बोलतो. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगं, फोनवर तू बांगडे साफ करता करता 'हो का, हो का' करतेस आणि ऐन मोक्याला मांजर हाकलतेस. हे सगळं तू खुर्चीत बसून, चष्मा लावून वाचावंस अशी इच्छा आहे.

तर सांगायचं म्हणजे, मी सीतारामभाऊंना भेटले. सीतारामभाऊ म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. एक्क्याण्णव साली आमच्या टेकडीवर पाण्याची बोंब होती तेव्हा बायकांनी हंडा मोर्चा काढला होता. मी तेव्हा टेलिफोन खात्यात नवीन, रजा टाकून गेले होते. तर मोर्चासमोर एक दाढीवाला तरुण टँकरवर चढला आणि म्हणाला, आम्ही पाणी मागतोय, उपकार नाही. बस्, एवढंच. पण वहिनी, अंगावर काटा आला गं. मी होते लांब, हंड्यांच्या मागे, पण मागच्या बायका म्हणाल्या सीताराम, सीताराम. पुढे निवडणुकीच्या पोस्टरवर तीच दाढी दिसली. तेव्हापासून चौतीस वर्षं माझं मत त्यांनाच. त्यांनी मधे तीन पक्ष बदलले, मी त्यांच्या मागोमाग तीन पक्ष बदलले (यांना दर वेळी मत देऊन झाल्यावर सांगितलं).

आता निवडणूक आली म्हणून भाऊंच्या पक्षाने निधी गोळा करायला मोठ्या हॉलमध्ये जेवण ठेवलं. एका ताटाला पाच हजार. त्या पैशात मी घरी आख्ख्या सोसायटीला कोंबडी-वडे घातले असते, त्यामुळे मी जायचा प्रश्नच नव्हता. पण आमच्या मजल्यावरची दिशा पक्षाच्या महिला आघाडीत आहे. ती दुपारी धावत आली. कुणा बिल्डरने आख्खं टेबल घेतलं होतं आणि त्याची बरीच माणसं लग्नाला निघून गेली होती. म्हणाली, "काकू, पैसे नकोत, फक्त खुर्ची भरा. रिकामं टेबल कॅमेऱ्यात फार वाईट दिसतं." वहिनी, माणसाला जन्मात कधीतरी देशासाठी काही करावं लागतं. मी पार्लरमध्ये जाऊन केस काळे करून आले, श्रुतिकाने दिलेली मोरपंखी साडी काढली आणि फ्रिजसमोर उभी राहून वाक्य पाठ केलं: 'भाऊ, एक्क्याण्णव साली तुम्ही टँकरवर चढलात तेव्हा मी समोर होते.' दहा वेळा म्हटलं. हे म्हणाले, फ्रिज काही उत्तर देतोय का?

टेबलावर माझ्या डावीकडे बिल्डरचा हिशेबनीस, उजवीकडे बिल्डरचा ड्रायव्हर (सफारी इतका कडक घातला होता की मी बराच वेळ त्यालाच बिल्डर समजून अदबीने पाणी देत होते). भाऊ यायला अडीच तास. तोवर भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांच्या आयुष्याची फिल्म चालू होती. भाऊ गरिबीत शिकले, आणि त्यांच्या चौथीच्या बाईंनी त्यांना स्वतःच्या डब्यातली चपाती देऊन वाढवलं, असं त्यात होतं. बाईंचं काम करणारी मुलगी पंचविशीची होती आणि लिपस्टिक लावून चपाती देत होती. आम्ही ही चपाती चार वेळा पाहिली. आमच्या ताटात मात्र अजून काही आलं नव्हतं.

मग भाऊ आले, आणि त्यांच्यामागून पनीर टिक्का. दाढी पांढरी, पण रुबाब तोच. टेबलाटेबलावरून हात जोडत निघाले, पुढे कॅमेरे. आमच्या टेबलाशी आले तशी मी उठले, पुढे झाले आणि तोंड उघडलं. निघालं फक्त "भाऊ, एक्क्याण्णव..." आणि घसा बसला. फ्रिजसमोर असं कधी झालं नव्हतं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं, कॅमेऱ्याकडे पाहिलं, परत माझ्याकडे पाहिलं, आणि वहिनी, तो माणूस खाली वाकून चक्क माझ्या पाया पडला! "बाई! तुम्ही! वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी!"

मी बासष्ट पूर्ण केली आहेत. नुकतीच. केस काळे करून आठ तास झाले होते.

हॉल उठून उभा राहिला. टाळ्या वाजल्या, त्या माझ्या तब्येतीला. दोन मुलींनी मला कोपराला धरलं आणि मंचाच्या पायऱ्या एकेक करून चढवल्या. एक बाई रडत होती. हिशेबनीसही डोळे पुसत होता, आणि तोंडातला पनीर टिक्का गिळायला त्याला सवड नव्हती. भाऊंनी माईक घेतला आणि चपातीची गोष्ट सांगितली, पाचव्यांदा, आणि माईक माझ्या हातात दिला. खाली दिशा हात जोडून उभी. खरं सांगते, मी खरं बोलणारच होते. पण एक्क्याण्णव? माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा माणूस मला एक्क्याण्णव म्हणतो? डोकंच फिरलं माझं. आणि मग लक्षात आलं, की एक्क्याण्णव वर्षांच्या बाईला कोण गप्प बसवणार आहे?

म्हटलं, "सीताराम, सरळ उभा राहा." राहिले गं! हात मागे बांधून. म्हटलं, "तू चौथीत गृहपाठ करत नव्हतास आणि आजही करत नाहीस. आमच्या टेकडीवर अजून पहाटे वीस मिनिटं पाणी येतं. नवीन पाइपलाइन कधी घालणार?" हॉलमध्ये हशा पिकला. भाऊ हसले, कान धरले, म्हणाले, "बाई, पंधरा दिवसांत काम सुरू." मी म्हटलं, "पाढा म्हण." त्यांनी 'पंधरा दिवसांत' तीन वेळा म्हटलं. सगळ्यांच्या फोनमध्ये आहे.

खाली उतरताना पडद्यामागे ते थांबले, आणि हळूच म्हणाले, "तुम्ही छान सांभाळून घेतलंत हं. आमच्या बाई जाऊन वीस वर्षं झाली."

मी म्हटलं, "मग पाया पडलात ते कुणाच्या?"

"कॅमेरा होता ना. तुम्ही स्वतःच एक्क्याण्णव म्हणालात. मला वाटलं, दिशाने कुणालातरी तयार करून आणलंय."

आता माझा घसा सुटला. मी ते पाठ केलेलं वाक्य शेवटपर्यंत म्हटलं. टँकर, हंडे, उपकार नाही, सगळं. भाऊंनी डोकं खाजवलं. "टँकरवर? मी? मला उंचीची भीती वाटते हो. मी तर खाली टँकर धरून उभा होतो." मग आठवून म्हणाले, "तो श्यामसुंदर. त्यालाही दाढी होती. फार बोलायचा, राजकारणात टिकला नाही." आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले.

मी मागच्या दाराने बाहेर आले आणि पायरीवर बसले. एकाच संध्याकाळी आम्ही दोघांनी एकमेकांना चुकीचं ओळखलं होतं, फक्त माझी चूक चौतीस वर्षं आणि तीन पक्ष चालली होती. रडू येईल असं वाटलं, पण हसूच आलं. ड्रायव्हर जेवून बाहेर आला आणि त्याने मला बिल्डरच्या गाडीने घरी सोडलं. घरी यांनी व्हिडिओ आधीच पाहिला होता. म्हणाले, "एक्क्याण्णव? मला शंका होतीच." दोन दिवस मी यांना फक्त पेज दिली.

काम मात्र चौदाव्या दिवशी सुरू झालं! कंत्राटदाराच्या माणसांनी गल्ली वरपासून खालपर्यंत खोदली आहे. पाइप अजून आलेले नाहीत, आणि खोदताना जुना फुटला, त्यामुळे वीस मिनिटं यायचं तेही पाणी बंद. पण गल्लीत माझा मान फार वाढला. खड्डा ओलांडताना लोक हात धरतात, आणि समोरच्या बिल्डिंगमधल्या सेराफिनाबाई, स्वतः सत्तरीच्या, बसमध्ये मला उठून जागा देतात. मी बसते.

असो. दादाला नमस्कार, मुलांना आशीर्वाद (आता माझे आशीर्वाद जास्त लागतात म्हणे).

तुझी नणंद,
सुलक्षणा

ता. क. दिशाने चौकशी केली. तो श्यामसुंदर तुमच्याच कुडाळला असतो, एसटी स्टँडच्या मागे खानावळ चालवतो. बाजाराला जाशील तेव्हा सहज डोकावशील का? काही विचारू नकोस. फक्त अजून तसाच बोलतो का ते ऐकून ये. आणि दाढी आहे का.

ता. ता. क. आणि घरी कोण कोण असतं.

ता. ता. ता. क. हे आत्ताच विचारून गेले की एवढं काय लिहिते आहेस. म्हटलं, वहिनीकडून करवंदाच्या लोणच्याची कृती मागवतेय. तेव्हा उत्तराच्या पहिल्या पानावर कृतीच लिही, आणि चांगली लांबलचक लिही. हे पहिल्या पानापलीकडे कधी वाचत नाहीत.