रानडुकराचं बळ

४ जानेवारी, रविवार
दहा जणांना गेम खेळायला दिला होता. सात जणांनी पहिल्याच लढाईत सोडला. केळीच्या बागेत शिरलं की रानडुक्कर येतं, दोन धडकांत नायिका खलास. एकाने लिहून पाठवलं, 'गोष्ट छान वाटतेय, पण मला पुढे जाऊच देत नाही.'
हेमंत चित्रं काढतो, बाकी सगळं मी. तो म्हणाला, "अर्धं कर बळ त्याचं. सुरुवातीलाच मार खायला कोण बसतंय?"
मी नाही म्हटलं. आमच्या लहानपणीच्या कॉम्प्युटर गेममध्ये गुहेच्या तोंडाशी लांडगा होता, त्याने किती मारलं. चार संध्याकाळी घालवल्या आणि पाचव्या दिवशी मारला. अकरा वर्षांचा होतो. त्या एका लांडग्यापायी मी आज या धंद्यात आहे.
पुण्याच्या प्रकाशकाला गेमचा पहिला अर्धा तास महिनाअखेर दाखवायचाय. सप्टेंबरात नोकरी सोडली. तीन जणांच्या जोरावर काय दाखवणार...

६ जाने., मंगळ
अक्का आली. धुळ्याला गुडघ्याचं ऑपरेशन झालं, आणि दोंडाईच्याच्या घरी झोपायची खोली माडीवर. म्हणून तीन आठवडे इथे जळगावला, आमच्याकडे. माझ्याहून सात वर्षांनी मोठी. वॉकर घेऊन पायरी चढली, मला हात लावू दिला नाही.
बायकोने, स्मिताने, भरीत केलं होतं. अक्का म्हणाली, मिरची आमच्या दोंडाईच्याचीच का? हो म्हटल्यावर आणखी घेतलं.

८ जाने.
आज खूप दिवसांनी धुळ्याचा क्लास आठवत बसलो. बाबांचा टायपिंग क्लास. बारा मशीनं, आणि कोपऱ्यात एकच कॉम्प्युटर, त्याच्यावर प्लॅस्टिकचं कव्हर. खडखडाट असा की शेजारी बोललेलं ऐकू यायचं नाही. सहाची बॅच सुटली की कव्हर काढायचं, मी खुर्चीत आणि अक्का शेजारी स्टुलावर. इंग्रजी दोघांनाही धड येत नव्हतं. ती डिक्शनरी घेऊन बसायची, टायपिंगच्या वाया गेलेल्या कागदांच्या पाठीवर गेमचे नकाशे काढायची. दुपारच्या बॅचला तीच शिकवायची तेव्हा.
पुढच्या मे महिन्यात तिचं लग्न झालं. नकाशे नंतर कुठे गेले कोण जाणे.

९ जाने., शुक्र
अक्का म्हणाली, "दिवसभर त्या खोलीत करतोस तरी काय, दाखव." दाखवलं. तिने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कुठली कळ कशाची एवढं एकदा विचारलं, बस.
सहा वेळा मेली. "मारकं शे रे हाई डुक्कर." एवढंच अहिराणीत म्हणाली. परत सुरू.

११ जाने.
अक्काचे मृत्यू आता एकोणीस. मधेच थांबून बोटं चोळते. पाय उशीवर, लॅपटॉप मांडीवर. स्मिता म्हणते, त्यांना आराम सांगितलाय डॉक्टरांनी, तुम्ही हे काय दिलंय.
मला बघवेना. ती आंघोळीला गेली तेव्हा आत जाऊन आकडे बदलले. डुकराचं बळ साठ होतं, पस्तीस केलं. धडक बाराची पाच. तिला बोललो नाही.

१२ जाने., सोम
सकाळी पहिल्याच झटक्यात जिंकली. मी टाळी वाजवली. तिने झाकण मिटून लॅपटॉप माझ्याकडे सरकवला.
जेवताना, ताटात बघत — "कसाले कमी करं?"
मी म्हटलं, काय?
"काल आठ वार केले तरी ते उभं होतं. आज पाचात पडलं. माले समजस ना, भाऊ."
कंटाळशील असं वाटलं म्हणून, असं म्हणालो. ती म्हणाली, "मग मला विचारायचं होतंस."
दुपारी खेळली नाही. जपमाळही नाही, टीव्हीही नाही. खिडकीकडे तोंड करून पडून होती.

१३ जाने.
आज मीच विषय काढला. म्हटलं, तू चिडतेस ते बरोबर आहे, माझा लांडगा मीच मारला होता, मला कुणी सोपं करून दिलं नव्हतं.
तिने गुडघ्याखालची उशी सरकवली. मग म्हणाली, "नको सांगू म्हणत होते मी स्वतःला."
मी शाळेत असायचो तेव्हा, बाबा जेवायला घरी गेले की, ती माझा वीर घेऊन खेळायची. गुहेबाहेरची वटवाघळं मारायची. तीच तीच, शंभरदा. तो थोडा बळकट झाला की खेळ सेव्ह करून जपून ठेवायची. चार दिवस. "तू हरलास की जेवायचा नाहीस. बाबा मग कॉम्प्युटरवर चिडायचे. विकून टाकतील असं वाटायचं."
मग मी डुकराचं बळ कमी केलं तर तुला राग का, मी विचारलं.
"तू अकरा वर्षांचा होतास. मी शेहेचाळीसची आहे."
आणि तुझा स्वतःचा लांडगा? तर म्हणाली, तो मी तुझ्या आधीच मारला होता. नदीपलीकडच्या किल्ल्यापर्यंत गेले होते. माझा खेळ वेगळा ठेवला होता, तिसऱ्या जागेवर.
जपून ठेवायच्या जागा तीनच होत्या. तिसरीवर कुणीतरी नुसतं 'क' लिहून ठेवलेलं. क्लासच्या कुठल्या पोराचं असेल म्हणून तिच्या लग्नानंतर मी ते पुसून तिथे माझा खेळ ठेवला.
अक्काचं नाव कमल. एवढं सुचलं नाही मला.
"दिवाळीला आले तेव्हा बघितलं होतं," म्हणाली. "जाऊ दे. आता काय त्याचं."

१४ जाने.
संक्रांत. तिळगूळ दिला, पाया पडलो. डोक्यावर हात ठेवला, नेहमीपेक्षा जास्त वेळ.

१६ जाने., शुक्र
आकडे होते तसे केले. साठ, बारा. तिला सांगून केले.
ती म्हणाली, "डुक्कर राहू दे. पण त्याच्या आधी काही छोटं दे मारायला. उंदीर दे. ज्याला हात बसवायचाय तो बसवेल, ज्याला घाई आहे तो जाईल सरळ."
हेमंतला पटेना. "उंदीर मारत कोण बसतं आजकाल? पहिल्या पाच मिनिटांत काही झालं नाही तर लोक बंद करतात." तेही खोटं नाही. तरी त्याने उंदीर काढून दिले. चांगले काढलेत, घडाच्या दांड्यावरून पळतात.

२१ जाने., बुध
दु. ४ वाजता मारलं. पूर्ण बळाचं. आधी उंदीर किती मारले तिचं तिला ठाऊक. मी दारात होतो, तिने बघितलं नाही. ओठ घट्ट मिटलेले, स्टुलावर बसायची तशीच. डुक्कर पडल्यावर हात पदराला पुसले.
"पुढे काय शे?"
पुढे नदी आहे, पण पलीकडचं अजून बांधलेलं नाही. सांगताना लाज वाटली.

२७ जाने.
अक्काला दोंडाईच्याला सोडून आलो. भाऊजी स्टेशनवर आले होते. तिला एक जुना लॅपटॉप दिला, गेम घालून. येताना गाडीत सबंध वेळ त्या बारा मशीनांचा आवाज कानात होता. बाबा जाऊन सहा वर्षं झाली. त्यांना तिने कधी सांगितलं असेल का, कोण जास्त पुढे गेलं होतं ते?

२९ जाने.
हेमंतशी वाजलं. त्याने हलकं डुक्कर, उंदीर नाहीत, अशी एक प्रत तयार ठेवलीय. माझी दुसरी. प्रकाशकाला एकच पाठवायची. तो म्हणाला, "तुझ्या बहिणीला आवडलं म्हणून सगळ्यांना आवडेल का?" त्याचेही सहा महिने यात गेलेत.

३० जाने., शुक्र
संध्याकाळी अक्काचा फोन. शेजारच्या लताबाईंना बसवलं म्हणे गेमपुढे. आयुष्यात कधी कळ दाबलेली नाही त्यांनी. उंदरांनीच दोनदा मारलं. मग डुकराने एकदा.
मी विचारलं, मग? सोडलं का त्यांनी?
"उठल्या. स्वयंपाक व्हायचा होता. सकाळी येते म्हणाल्या."
"येतील असं वाटतं तुला?"
"माले काय माहीत, भाऊ."
उद्या दुपारी बारापर्यंत पाठवायचंय. हेमंतला म्हटलं, सकाळी अक्काचा फोन येईपर्यंत थांबू, लताबाई परत बसल्या का कळेल, मग कुठली प्रत ते ठरवू. त्याने दोन्ही प्रती पाठवायला तयार ठेवल्या.