वाळू धुतलेलं पाणी

अण्णा, पोहण्याच्या तलावातली घाण जात नव्हती आणि त्याचं कारण तुम्ही आहात. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, तलाव तर तुम्ही डोळ्यांनी पाहिलाही नाही, तरी मी हे तुमच्याच माथी मारते आहे. तुमच्या हयातीत मी तुमच्यासमोर कधी आवाज चढवला नाही. आता हे पत्र कुठं पाठवायचं नाही, कुणी वाचायचं नाही, तेव्हा एकदाचं बोलून घेते.

तुमच्या लेकानं, आपल्या धाकट्यानं, नांदूरघाटच्या रस्त्याला मंगल कार्यालय काढलंय आणि त्याच्या मागं पोहण्याचा तलाव बांधलाय. लग्नाच्या दिवसांत त्याच्या काठावर नवरानवरीचे फोटो निघतात. उन्हाळ्यात सकाळच्या वेळी तो मला मिळतो. शाळेतली पीटीची नोकरी संपल्यापासून मी तिथं मुलींना पोहायला शिकवते. आसपासच्या वस्त्यांवरच्या मुली येतात, ऊसतोडीहून परत आलेल्या घरांतल्याही येतात. एकेका मुलीसाठी मी तिच्या बापाच्या ओसरीवर जाऊन बसले आहे, चहा पीत आणि हसून बोलत. पोरीच्या जातीला पोहणं कशाला, हे मी प्रत्येक ओसरीवर ऐकलं. तुमचंच वाक्य, फक्त तोंड वेगळं.

या वर्षी पाणी गढूळ व्हायला लागलं. फिल्टर चालू, औषध वेळच्या वेळी, तरी दिवसागणिक तळ दिसेनासा होत गेला. मग एका सकाळी एक मुलगी कडेचा गज सुटून खाली गेली. ती माझ्यापासून हातभर अंतरावर होती आणि मला दिसली नाही. अण्णा, मला ती दिसली नाही. मी पाण्यात हात फिरवत सुटले, वेणी हाताला लागली, वेणीला धरूनच तिला वर ओढली. खोकली, रडली, सावरली. तिची आजी रोज काठावर बसून असायची. तिनं नातीचं अंग पुसलं आणि शांतपणे म्हणाली, “बाई, तुमच्या पान्यात पोरगी हाय का न्हाई तेच कळंना. काहून पाठवावं आमी?” मी त्याच दिवशी शिकवणं बंद केलं. तळ दिसेपर्यंत एकही मुलगी पाण्यात उतरणार नाही असं सांगितलं, आणि सांगतानाच मला कळत होतं की फार दिवस बंद राहिलं तर या मुली पुन्हा यायच्या नाहीत. बापांना निमित्तच हवं असतं.

फिल्टर म्हणजे काय, तर वाळूनं भरलेली एक मोठी बंद टाकी. तलावातलं पाणी वरून आत जातं, घाण वाळूत अडकते आणि नितळ पाणी खालून परत तलावात येतं. वाळू घाणीनं भरली की पाणी उलटं सोडून ती धुवायची आणि ते धुण्याचं काळंमिट्ट पाणी बाहेर टाकून द्यायचं. याला बॅकवॉश म्हणतात. बीडहून मेकॅनिक आला, वाळू जुनी झाली म्हणाला. वाळू बदलली. पुन्हा आला, कॉकच्या आतलं रबर झिजलंय म्हणाला. रबर बदललं. पाणी तसंच. मग तो फोन उचलेना. मी स्वतःच जिथून पाणी परत तलावात येतं तिथल्या तोंडांना माझ्या जुन्या ओढणीचे तुकडे बांधले. आतली जाळी फुटली असेल तर फडक्यात वाळू येईल, घाण नुसती पार होत असेल तर चिखल साचेल. फडकी स्वच्छ निघाली. म्हणजे फिल्टर बिचारा त्याचं काम चोख करत होता आणि घाण दुसरीकडूनच येत होती.

टाकीतून घाण बाहेर पडते ती फक्त बॅकवॉशच्या वेळी, म्हणून मी तो सुरू करून तलावाच्या काठावर येऊन उभी राहिले. एरवी मी त्या वेळी फिल्टरच्या खोलीतच असते. थोड्या वेळानं खोल बाजूच्या कोपऱ्यात, पायऱ्यांच्या मागून, तपकिरी ढग वर येताना दिसला. मी पळत भिंतीपलीकडं गेले, जिथं ते पाणी पडायला पाहिजे त्या गटारापाशी. गटार ठणठणीत कोरडं. त्यात कोळ्यानं जाळं केलं होतं.

धाकट्याला बोलावलं. तो आला, मान खाली घालून उभा राहिला. तुमच्यासमोर राहायचा तसाच. त्यानं होळीनंतर बॅकवॉशच्या पाण्याचा पाईप गटाराकडून काढून तलावाकडं वळवला होता आणि वरून फरशी बसवली होती. म्हणाला, “ताई, मदी खड्डा केलाय की. गाळ खाली बसतोय, वरचं पानी तेवढं तलावात जातंय.” मी म्हटलं, गाळ बसायला रात्र लागते, तुझं पाणी धो धो येतंय. तर म्हणतो, “मग येवढं पानी गटारात सोडायचं? वस्तीवर टँकर येतोय. लोक काय म्हनतील? अन् अण्णांनी सोडू दिलं असतं का?”

तिथं माझं डोकं फिरलं. कारण त्याचं बरोबर होतं. तुम्ही सोडू दिलं नसतं.

मला तुमच्या घरातली अंघोळ आठवते. पाण्याचा दुष्काळ, अंगणात बाज टाकलेली, बाजेखाली घमेलं. तुम्ही बाजेवर बसून अंघोळ करता, खाली पाणी साचतं. मग थोडं नवं पाणी घेऊन धाकटा. मग आई, आडोसा धरून. शेवटी मी, आणि माझ्या वाट्याला घमेल्यातलं. वर साबणाची साय तरंगते आहे, तुमचा एखादा केस आहे, मी तांब्या बुडवते आणि श्वास रोखून डोक्यावर ओतते. माझ्यानंतर त्याच पाण्यात फडकी धुतली जात. पाणी कमी होतं हे मला तेव्हाही कळत होतं. पण तुम्ही एकदाही क्रम बदलला नाहीत. एकदा घागरीत पाल मरून पडली होती, मी ती घागर उकिरड्यावर ओतली, तर तुम्ही टँकरपाशी जमलेल्या सगळ्या गल्लीसमोर माझ्या कानाखाली वाजवलीत. “गाळून घ्यायचं व्हतं. पानी फेकती?” त्यापेक्षा ते पालीचं पाणी पिणं परवडलं असतं असं मला वाटलं होतं. आणि पाऊस बरा झाला त्या साली विहीर भरली, तेव्हा त्याच हातांनी तुम्ही धाकट्याच्या पाठीला वाळका भोपळा बांधलात आणि त्याला पोहायला शिकवलंत. मी पायऱ्यांवर त्याचे कपडे धरून उभी. मी विचारलं, मला? तुम्ही हसलात, म्हणालात, पोरीच्या जातीला पोहणं कशाला. रागावला असता तर चाललं असतं. मी पुढं पीटीच्या कॉलेजात शहरात गेल्यावर पोहायला शिकले आणि तुम्हाला कधीच सांगितलं नाही.

हेही लिहिते, नाहीतर खोटं होईल. त्या दिवसांत तुम्हाला स्वतःला पोटभर पाणी पिताना मी कधी पाहिलं नाही. तुमच्या वाटणीचं बैलांना जायचं. हे मला माहीत आहे आणि त्यानं माझा राग तसूभर कमी होत नाही. तुम्ही सोसलंत म्हणून मी तुमचं उतरलेलं पाणी डोक्यावर घेणं न्यायाचं होत नाही.

धाकट्याला मी एवढंच म्हटलं, “टँकरची लाज वाटते तर तलाव बुजव. फोटोसाठी भरून ठेवतोस तेव्हा कुठं जाते लाज? भरायचाच असेल तर घाण बाहेर जाईल. पोरींच्या अंगावर जायची नाही.” तो म्हणाला, “तू लईच लावून घेतलंस.” मी म्हटलं, “एक पोरगी वेणीनं ओढून काढलीय मी. किती लावून घेऊ?” मग तो स्वतःच पहार घेऊन आला आणि फरशी उखडली. पाईप गटाराकडं पूर्ववत झाला. दोन-तीनदा वाळू धुतली, आणि एका सकाळी काठावरून वाकल्यावर खालच्या निळ्या फरशीच्या रेघा दिसल्या. त्या आजीच्या घरी मी स्वतः गेले. आजी नातीला घेऊन आली, काठावर बसून बराच वेळ तळाकडं बघत राहिली आणि मग नातीला म्हणाली, “जा.” सगळ्या आल्या नाहीत. निम्म्या आल्या असतील. बाकीच्यांच्या ओसरीवर मी पुन्हा जाणार आहे.

एक मात्र सांगायचं राहिलं. पहिल्यांदा पाणी गटारात सोडलं तेव्हा आधी काळं आलं, मग चहासारखं, मग नितळ. नितळ आल्यावर कॉक बंद करायचा असतो. मी केला नाही. वाळू कधीच धुऊन झाली होती, धाकटा दोनदा म्हणाला, “ताई, बास की,” तरी मी ते चांगलं पाणी तसंच जाऊ दिलं, निव्वळ तुमच्या नाकावर टिच्चून. ते गटारातून रस्त्याच्या धुळीत गेलं, दोन शेळ्या येऊन प्यायला लागल्या. आणि मला हुंदका आला. आवरेना. धाकटा जवळ येऊन म्हणाला, “अण्णांची याद आली का?” मी हो म्हटलं. तुम्ही गेलात तेव्हा मी रडले नव्हते, आणि त्या दिवशीही तुमच्यासाठी रडले नाही. मला ते पाणी वाया जाताना बघवेना.