पुढच्या खोलीचं भाडं

१० जून

चि. सौ. सूनबाईस,
घरच्या म्हाताऱ्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. खुशाल आहेस हे कळलं, पण रात्री झोप लागते की नाही ते तू लिहिलं नाहीस, म्हणून मला लागली नाही. दिवसा नर्सिंगचे वर्ग, मग वॉर्डातली ड्यूटी आणि संध्याकाळी पुन्हा दवाखान्याच्या लाँड्रीत काम. माणूस आहेस की यंत्र? ओल्या चादरी उचलताना कंबर सांभाळ. इस्त्रीच्या मशीनपाशी ओढणी खोचून उभी राहत जा. मी वखारीत होतो तेव्हा एकाचा सदरा करवतीत अडकला होता. हे तुला लिहायचं नाही असं ठरवलं होतं, पण लिहून गेलो.

लेक तुझी मजेत आहे. बडबडी हे नाव आता तिला पुरत नाही. सुट्टीत तू तिला नाडी बघायला शिकवलंस, तेव्हापासून माझा हात मोकळा नाही. मोजताना मध्येच आकडा विसरते आणि आजोबा, तुमची नाडी संपली, असं जाहीर करते. काल तर शेजारणीला बोलावून आणलंन.

एक गोष्ट तुला कळवू नका असं तुझ्या नवऱ्याने बजावलं आहे, तेव्हा मी कळवली हे त्याला सांगू नकोस. कारखान्यात पाळ्या कमी केल्या आहेत. निम्मा महिना तो घरीच असतो, भात करपवतो आणि गॅस मोठा होता म्हणतो. तुझ्या दुसऱ्या वर्षाच्या फीचं बघू. तू काळजी करू नकोस. त्या कामाला मी आहे.

म्हाताऱ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझे,
बाबा

१८ जून

ती. बाबांना,
सा. न. वि. वि.

पाळ्यांचं वाचलं. यांना मी काही बोलले नाही, नाहीतर तुमची खैर नव्हती.

बाबा, लाँड्रीच्या सुपरवायझरबाई पुढच्या महिन्यात नोकरी सोडून लेकाकडे राहायला जाताहेत. त्यांच्या जागी मला घ्या असं त्यांनीच वर सांगितलंय. पूर्ण दिवसाची, कायमची नोकरी. पगार यांच्या पूर्ण पगाराएवढा. फक्त वर्ग सोडावे लागतील, दोन्ही जमणार नाही. एक तारखेला उत्तर द्यायचंय. मी हो म्हणायचं ठरवलंय. एक वर्ष शिकले, तेवढं पुष्कळ झालं. मला वाईट वाटत नाही, असं मी दिवसातून बरेचदा स्वतःला सांगते.

काल वॉर्डात एका आजींना कुशीवर वळवत होते. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून झोपून असलेल्यांना सारखं असं वळवावं लागतं. त्या सिस्टर, सिस्टर म्हणून हाक मारत होत्या आणि मी मागे वळून बघत होते, कोण आलं म्हणून. त्या मलाच हाक मारत होत्या.

तुम्ही हो म्हणा, म्हणजे मला हलकं वाटेल. बडबडीला पापा. तुमच्या मायेत उणं पडू नये.
आपली,
सून

२४ जून

चि. सौ. सूनबाईस,
आशीर्वाद नेहमीचेच, पण आज जरा रागाने.

तुझं पत्र आधी चिरंजीवांच्या हाती पडलं आणि त्यांनी ते मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर भांडी घासायला गेला. ओरडला असता तर बरं झालं असतं. माझ्या पोटात काही राहत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, मग मला सांगता कशाला?

मी हो म्हणणार नाही. तुला हलकं वाटावं म्हणून असलं काही माझ्याकडे मागू नकोस. तुझ्या सासूच्या शेवटच्या आजारपणात डॉक्टर काय काय म्हणाले ते मला एक अक्षर आठवत नाही. एका सिस्टरने येऊन, बाबा तुम्ही जेवलात का, म्हणून विचारलं होतं, ते आठवतं. नव्हतो जेवलो. तिने बसवून चहा पाजला. तशी माणसं अर्ध्यात शाळा सोडून होत नाहीत.

आता ऐक. आपली पुढची खोली मी न्हाव्याला दुकानासाठी भाड्याने दिली. तुझ्या नवऱ्याला आधी विचारलं नाही, विचारलं असतं तर नको म्हणाला असता. मध्ये फळ्यांची भिंत मी स्वतः घातली, जरा तिरकी झाली आहे. माझी खाट स्वयंपाकघरात आली. खिडकीशी बसून रस्ता बघायचो ते गेलं. आता डबे बघतो. न्हाव्याची खुर्ची गोल फिरते, त्यामुळे बडबडीला शाळेतून घरी यायची भारी घाई असते. वस्तरा उघडा राहील, केस चहात पडतील, पाणी सांडून कोणी घसरेल, या विचारांनी माझा जीव अर्धा होतो. पण भाड्यातून तुझे फीचे हप्ते सुटतात. निम्म्या पगारात घर भागेल, संध्याकाळच्या कामात तुझं खाणंपिणं भागेल. चैन होणार नाही. ती आधी कधी होत होती?

सुपरवायझरबाईंना नम्रपणे नाही सांग. नम्रपणे, तुझ्या नेहमीच्या तोऱ्यात नको.

राग मनात धरू नकोस, मीही संध्याकाळपर्यंतच धरीन.
तुझे,
बाबा

८ जुलै

ती. बाबांना,
सा. न. आणि लवून लवून वि. वि.

नाही सांगितलं. नम्रपणे. बाईंनी मला आधी वेडी म्हटलं. मग डबा उघडून अर्धा माझ्यापुढे सरकवला आणि नव्या सुपरवायझरला सांगून संध्याकाळची पाळी माझ्या नावावर पक्की करून दिली, वर रविवारची जास्तीची.

परवा वॉर्डातली परीक्षा झाली. पेशंटला खाटेवरून न उतरवता त्याच्या अंगाखालची चादर बदलायची होती. माझ्या वाट्याला आले चांगले आडवेतिडवे काका, वर सारखे विचारत होते, पोरी, पाडशील का मला? मी म्हटलं, काका, पडलात तर मी नापास, म्हणजे तुमच्याइतकीच मलाही भीती आहे. ते हसले आणि अंग सैल सोडलं, वळवणं सोपं झालं. आमच्या मॅडमनी चादरीवरून हात फिरवला, सुरकुती शोधत. सापडली नाही. निकाल लागलाय बाबा. वर्गात पहिली आले. दुसऱ्या वर्षात गेले.

डब्यांशेजारी कसले झोपताय तुम्ही? पाठ धरली असेल. करपलेल्या भाताच्या धुराने खोकला येत नाही ना? बघा, तुमचं काळजीचं दुखणं मलाही लागलं.

घरच्या सगळ्यांची,
सून

१५ जुलै

चि. सौ. सूनबाईस,
छाती फुगलेल्या म्हाताऱ्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा दुकान भरलेलं होतं. फळ्यांच्या भिंतीआड बसून एकट्याने वाचायचं म्हणून गेलो आणि तसाच बाहेर आलो. सगळ्यांसमोर वाचलं. न्हाव्याने हात थांबवला. खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीवर साबण वाळेपर्यंत ऐकत बसला, आणि आडव्यातिडव्या काकांचं पुन्हा वाचा म्हणाला. तुझा नवरा दारात उभा होता. पहिली आली हे त्याने मला तीनदा विचारून घेतलं, मग डोळ्यात केस गेला म्हणून आत गेला. दाढी चालली होती, केस कुठून येणार? त्या दिवशी भात करपला नाही. पाण्यासारखा झाला.

मुलाचे केस कापून घ्यायला आलेली एक बाई कोपऱ्यात बसून होती. सगळे गेल्यावर हळूच म्हणाली, माझ्या मुलीलाही नर्सिंगच्या शाळेत जायचंय, पण घरात कोणी धीर करत नाही, तुमच्या सुनेला विचाराल का? मी तिला तुझा पत्ता दिला. अर्ज, परीक्षा, काम सांभाळून अभ्यास, हे सगळं सून सांगेल म्हटलं, पहिली आली आहे ती. आणि मुलगी गेल्यावर घरी बसून काळजी कशी करायची, ते तुम्हाला मी शिकवीन, फुकट.

तुझे,
बाबा