वरचं सप्तक

नाना, तुम्ही कधीच न बोललेलं एक वाक्य गेली तीस वर्षं मी तुमच्या नावावर खपवतोय. ‘पोट शांत असेल तरच कान नीट ऐकतो. आधी नोकरी घे.’ नानांकडचं हार्मोनियमच्या पेट्या दुरुस्त करायचं काम सोडून लिफ्टच्या कंपनीत कसे गेलात, असं कुणी विचारलं की मी हे वाक्य काढतो. लग्नात, सोसायटीच्या पूजेला, एकदा तर खांद्यावर शाल असताना माइकवरून. तुमच्याच ढंगात म्हणतो, शेवटचा शब्द थोडा नाकात काढून. लोक आधी हसतात, मग गंभीर होतात आणि म्हणतात, काय माणसं होती. माल खपतोय म्हटल्यावर मीही विकत राहिलो. तुम्ही तक्रार करायला येणार नव्हता.

गेल्या आठवड्यात मात्र ते वाक्य माझ्याच घरात कुणीतरी खरं मानलं. माझी मुलगी सत्तावीस वर्षांची आहे. लोअर परळला, जिथे पूर्वी गिरणी होती तिथल्या काचेच्या इमारतीत तिला नोकरी आहे. त्या वयात मी जो आकडा मनातही आणला नसता तेवढा पगार आहे. आणि सुट्टीच्या दिवशी ही बया गळ्यात यंत्र अडकवून आवाज टिपत फिरते. मच्छीमार नगरात होडीचं इंजिन खोकत खोकत सुरू होतं ते, वडाळ्याच्या रेल्वे यार्डात डब्याला डबा लागतो तो. मला ऐकवते आणि विचारते, ‘बाबा, मागे काय आहे सांग.’ मी म्हणतो, कुणीतरी बादली घासतंय. ती खूश. माहितीपट करणाऱ्या एका लहानशा गटाने तिला पूर्णवेळ बोलावलंय, आवाजाचं सगळं काम तिच्याकडे. पगार आताच्या एक तृतीयांश. सोमवारपर्यंत उत्तर द्यायचंय. जेवताना तिने विचारलं, ‘तुझ्यावर हीच वेळ आली होती ना? तू कसं ठरवलंस?’ आणि मी, पानात आमटी वाढून घेता घेता, सवयीने तुमचं वाक्य म्हणून मोकळा झालो. नाकातल्या शब्दासकट. ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तिच्या टेबलावर पिवळ्या चिठ्ठीवर ते वाक्य लिहून चिकटवलेलं. आपल्या आईला म्हणाली, ‘ज्या माणसाने आयुष्य पेट्यांत घालवलं, तोच असं म्हणत असेल तर काहीतरी असेल त्यात.’ तेव्हापासून, नाना, तुम्ही माझ्या घरात आहात. चहा घेताना मान वर केली की तुम्ही समोर बसलेले असता आणि काही बोलत नाही. ते तुम्हाला जमायचंच.

गिरगावातल्या त्या पहिल्या माळ्यावरच्या खोलीत मी सहा वर्षं काढली. आजही लाकडाचा भुसा आणि सरस यांचा वास आला की मी तिथे असतो. तुम्ही खिडकीकडे पाठ करून बसलेले, मांडीवर जुना टॉवेल, त्यावर पेटीतून काढलेली सुराची पितळी पत्ती. मी भाता मारतोय. टोकाला घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एवढं शिकायला मला एक दिवस लागला आणि किती घासायचं ते कळायला पाच वर्षं. दोन पत्त्या एका सुरात नसतील तर आवाजात लाट येते, वँव वँव करत. ती लाट हळू होते, लांबते आणि एका क्षणाला थांबते. ते थांबणं ऐकताना माझ्या अंगावर काटा यायचा. तुम्ही म्हणायचा, ‘घाई लग्नात करावी. पितळ घासलेलं परत येत नाही.’ एकदा परळचे एक भजनी बुवा पेटी बेसूर लागते म्हणून भांडायला आले, तर मी म्हणालो, बुवा, पेटी ठीक आहे, गळा ठेवून जा, शनिवारी देतो. बुवा गेल्यावर तुम्ही कानस खाली ठेवलीत. ‘तुझा कान चांगला आहे, तोंड वाईट आहे. धंदा तोंडावर चालतो.’ ते मी आयुष्यभर पाळलं. खरं तर तुमचं तेवढंच एक वाक्य सांगायला हवं होतं लोकांना.

पाचव्या वर्षी मला कळलं की तुम्हाला वरच्या सप्तकातली लाट ऐकू येत नाहीये. खालचं, मधलं, काडीचा फरक नाही. वरती गेलात की तुम्ही मान तिरकी करायचात, डोळे मिटायचात आणि जुळलं म्हणून पेटी बंद करायचात. लाट चालूच असायची. मी काय बोलणार? तुम्ही दुपारी जेवायला घरी गेलात की मी ती पेटी पुन्हा उघडायचो, वरच्या पाच-सात पत्त्या घासायचो, स्क्रू होते तसे लावायचो आणि पितळेचा कीस फुंकून टाकायचो. वर्षभर असं चाललं. गिऱ्हाइकं म्हणायची, नानांच्या हाताला तोड नाही. तुम्ही म्हणायचा, देवाची कृपा. मी भाता मारत असायचो. मी नोकर होतो, चोरून काम बिघडवतात तसं मी चोरून सुधारत होतो, आणि तो माझ्या आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा काळ होता.

मग वाळकेश्वरला एका घरी पेटी पोचवायला गेलो तर लिफ्ट बिघडलेली, जेमतेम सरकून अडकत होती. दोन मेकॅनिक आणि त्यांचा साहेब दीड तास शोधतायत. मी पेटी खांद्यावर घेऊन म्हणालो, साहेब, वरचा आवाज सोडा, डाव्या रुळाला खाली काहीतरी घासतंय. साहेबाने आधी शिवी दिली, मग पाहिलं, मग पत्ता विचारला आणि नोकरी देऊ केली. तुम्ही देत होता त्याच्या पाचपट पगार, वर शिकवायची तयारी. लालबागच्या आमच्या खोलीत आईने देवापुढे साखर ठेवली. माझं तोंड उतरलेलं बघून म्हणाली, ‘सोन्याचो घास तोंडाकडे इलो हा, आणि तू पेट्ये घासत बसतलंस?’ वडील खाटेवर होते, धाकटी बहीण लग्नाची. मी होकार कळवला.

तुम्हाला सांगितलं तो दिवस मी तीस वर्षं बदलून सांगतोय, म्हणून इथे आहे तसा लिहितो. दुपार. तुम्ही नुकतेच जेवून आलेले. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, कंपनीचं नाव, पगार, पहिल्या तारखेपासून म्हणून. तुम्ही आशीर्वाद दिला नाहीत, पोट आणि कान यांच्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. बराच वेळ पत्तीवर फुंकर मारत राहिलात. मग वर न बघता विचारलंत, ‘आणि वरचं सप्तक?’

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. सगळं वर्ष.

मी काय केलं? मी चपला घातल्या.

पगाराबद्दल मी रडगाणं गाणार नाही, नाना. त्या पगाराने बहिणीचं लग्न झालं, वडील सरकारी इस्पितळात जमिनीवर पडून गेले नाहीत. पुढे मी स्वतःची कंपनी काढली. आज लालबाग-परळच्या निम्म्या टॉवरांत माझी माणसं लिफ्ट सांभाळतात. पण मला ते काम कधी आवडलं असं नाही. लिफ्टमध्ये सगळे मोबाइलमध्ये बघतात आणि मी दोरांचं ऐकत असतो. आवाज नीट आला की बरं वाटतं, एवढंच. काटा येत नाही.

आज सकाळी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत होती तेव्हा तिला सगळं सांगितलं. पिवळ्या चिठ्ठीवरचं वाक्य माझं आहे, नानांचं नाही, इथपासून. ती चिमटे तोंडात धरून ऐकत राहिली.

‘म्हणजे ते तुला जा म्हणाले नव्हते.’

‘नाही.’

‘थांब म्हणाले होते?’

‘तसंही नाही. विचारलं फक्त.’

‘आणि तू उत्तर दिलं नाहीस.’ तिने एक टॉवेल झटकला. ‘बाबा, तू इतकी वर्षं लोकांना हसवलंस यावर.’

‘हो.’

‘मग मला आत्ता का सांगितलंस? जा म्हणून, की जाऊ नको म्हणून?’

‘तू त्यांच्या शब्दावर ठरवू नयेस म्हणून. तो त्यांनी कधी काढलेलाच नाही.’

तिने आत जाऊन टेबलावरची चिठ्ठी काढून आणली. फाडली नाही, चुरगळली नाही, माझ्या हातात दिली. ‘हे तुझंच ठेव.’ मग फोन घेऊन आत गेली. दार बंद आहे. कुणाशी बोलतेय ते मला ऐकू येऊ शकतं, माझे कान अजून तसेच आहेत, म्हणून मी इथे लांब, स्वयंपाकघरात येऊन बसलोय. तिने काय ठरवलं ते तिच्या तोंडून कळू दे.

हे लिहून झालं की तिला वाचायला द्यायचं असं मनात होतं. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही. नोकरी लागून वर्ष झालं होतं, पहिली चांगली पँट घालून मी गिरगावात आलो होतो, मिठाईचा पुडा घेऊन. तुमच्या जिन्याच्या सहा पायऱ्या चढलो आणि वरून पेटी ऐकू आली. खालचं सप्तक झालं, मधलं झालं, वरती गेलात आणि लाट सुरू झाली. तुम्ही थांबलात, पुन्हा वाजवलंत, पुन्हा. मला दहा मिनिटं लागली असती. मी तसाच खाली उतरलो आणि परत कधी आलो नाही, तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हाही नाही. त्या जिन्यात मला फार वाईट वाटलं, असं मी आत्ता लिहिणार होतो. वाटलंही, पण नंतर. आधी, नाना, तो बेसूर ऐकून मला बरं वाटलं होतं.