शकूची हाक

सिंगापूर, फेब्रुवारी २००६, शुक्रवार

...आणि गावाकडं एका सकाळी गोठा झाडून, धार काढून मी चुलीपाशी बसले होते. "अहो, पाणी तापलं," एवढंच म्हणाले. हे उठून आले. रोजचंच. हे जाऊन बरीच वर्षं झाली, पण काल दिवसभर माझी तीच हाक कानात होती.

काल शहर बघायला येडगावची माझी शेजारीण शकू आणि तिचा नवरा दत्ताभाऊ बरोबर होते. सिंहाच्या पुतळ्यापाशी गर्दीत दत्ताभाऊ दिसेनात. शकू नुसती "अहो, अहो" ओरडत सुटली. दुसऱ्याच टूरमधले मराठी पुरुष वळून बघायला लागले.

मी म्हटलं, "शके, नाव घे की."

"गप. चारचौघांत नवऱ्याचं नाव घेऊ व्हय?"

शेवटी मीच "दत्ताभाऊ" म्हणून हाक मारली. आले, हातात आइस्क्रीम घेऊन.

शकू म्हणाली, "लई शाने झालात. हरवला असता तर कुठं हुडकायचं तुमाला?"

"जातोय कुठं? पासपोर्ट तुझ्याच पिशवीत हाय."

संध्याकाळपर्यंत ती त्यांना बोलत राहिली आणि मी जळत राहिले. आइस्क्रीमवरून नाही, ते त्यांनी मलाही दिलं. मग कशावरून? तिला रागवायला माणूस आहे म्हणून. अहो म्हटलं की ओ देणारं... इतक्या लांब येऊन मी दिवसभर त्या दोघांकडंच बघितलं. समुद्र कुठल्या बाजूला होता, तेही आठवत नाही.

आज सकाळी मी त्यांच्या मागची जागा सोडली, बसमध्ये सगळ्यांत पुढं जाऊन बसले आणि शहर बघितलं.